डब्यावरचा लाल दिवा
सिडको असो, गारखेडा असो की गुलमंडी, शहराच्या कुठल्याही भागात कॉम्प्युटर सुरू होतो पण ब्रॉडबँड लागत नाही, ही तक्रार घरोघरची. आधी मोबाइलचा डेटा बंद करून तो घरच्या वाय-फायवर चालतो का ते बघा. चालला, तर दोष कॉम्प्युटरकडे. तिथे नेटवर्कच्या माहितीत आयपी पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. कॉम्प्युटरने आपल्या मनाने एक घेतलाय. जोडणी तोडून पुन्हा जोडा.

मोबाइलही अडला? मग फायबरच्या डब्याकडे वळा. ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, दिवा लाल असेल तर बाहेरून प्रकाशच पोहोचत नाहीये. फायबरच्या वायरीतला काचेचा धागा केसासारखा बारीक. कपाटामागे फार मुडपला, तरी प्रकाश बाहेर निसटतो. वायर अलगद सैल करा, पण टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला लेझर दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

गल्लीत जेसीबी खोदत असेल आणि त्यात फायबर तुटली असेल, तर राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, उपयोग शून्य! शेजाऱ्यांचंही नेट बंद आहे का ते विचारा आणि तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ एवढंच न म्हणता ‘एलओएस लाल आहे’ असं सांगा.