विवाहापूर्वीचा धर्मसंवाद



भिन्नधर्मीय तरुण-तरुणींचे प्रेम घरात समजताच आपण प्रथम कायदा विचारतो. तो मार्ग मोकळा आहे. १९५५चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू असल्याने जैन-हिंदू विवाह त्याखाली होतो. इतर धर्मीयांशी १९५४च्या विशेष विवाह कायद्याने, ३० दिवसांची नोटीस देऊन, धर्मांतराविना विवाह करता येतो.

खरा प्रश्न स्वयंपाकघरात उभा राहतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला एका घरी गणपती बसतो, नैवेद्याच्या पानात बटाट्याची भाजी असते. पंचमीला दुसऱ्या दिगंबर घरी दशलक्षण पर्व सुरू होते. तेथे कंदमूळ वर्ज्य आणि भोजन सूर्यास्तापूर्वी! एकाच ओट्यावर हे दोन्ही कसे सांभाळायचे?

येथे पुष्कळजण अनेकान्ताचा आधार घेतात. परंतु दुसऱ्याची दृष्टी समजून घेणे म्हणजे निर्णय टाळणे नव्हे. मुलांना णमोकार शिकवायचा की अथर्वशीर्ष, की दोन्ही, हे साखरपुड्यापूर्वीच दोघांनी मोकळेपणाने बोलावे. ‘पुढे पाहू’ म्हणून सोडलेल्या गोष्टींचा भार बहुधा एकट्या सुनेवर पडतो. त्या बोलण्यात वडीलधाऱ्यांनीही बसावे. मात्र धाक घालण्यासाठी नव्हे, आपल्या घरात नेमके काय पाळले जाते आणि काय केवळ सांगितले जाते, हे प्रामाणिकपणे सांगण्यासाठी.