खेळाडू मुलाला कॉलेजची मागणी आली, तर

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात नाते येथे केलेले भाषण)



बक्षीस समारंभात पाहुण्याने अभ्यासावर बोलावे, असा रिवाज आहे. मी जन्मभर शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर उभा राहिलेला मास्तर. तेव्हा मी खेळावर बोलणार आहे. पण आजचे माझे बोलणे खेळणाऱ्या मुलांपेक्षा त्यांच्या आईबापांसाठी अधिक आहे. स्मरणिकेसाठी भाषण लिहून द्या, असा चिटणीस साहेबांचा आग्रह होता. जे पालक आज आले नाहीत त्यांनी हे घरी वाचावे, या आशेनेच मी ते लिहून दिले.

आपल्याकडे मुलीला मागणी आली की आपण काय काय करतो? मुलगा कोण, घर कसे, कमाई किती, आधी कोणाशी बोलणी मोडली आहेत काय, याची चौकशी महाडपासून मुंबईपर्यंत आणि मुंबईपासून कुवेतपर्यंत करतो. आणि तुमच्या दहावीतल्या मुलाला शहरातल्या एखाद्या कॉलेजने मागणी घातली, तर? जिल्हा स्पर्धेत त्याच्या दोन चढाया पाहून कोणी सर येतात, पाठीवर थाप मारतात, 'फी माफ, राहायची सोय आमची, दाखला घेऊन या' म्हणतात. आणि आपण एकही प्रश्न न विचारता दाखला काढून देतो!

शाळा-कॉलेजांत खेळाडूंसाठी अशी ओढाताण असते, हे काही नवल नाही. मुंबईच्या शालेय क्रिकेटचेच पाहा. हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड या स्पर्धा शंभराहून अधिक वर्षे चालू आहेत. ढाल आपल्या कपाटात यावी असे प्रत्येक शाळेला वाटते आणि त्यासाठी चांगला मुलगा हेरावा लागतो. सचिन तेंडुलकर आधी वांद्र्याला इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिकत होता. रमाकांत आचरेकर सरांच्या सल्ल्याने त्याने शाळा बदलली आणि तो दादरच्या शारदाश्रमात गेला. जाण्यायेण्यात वेळ जाऊ नये म्हणून तो दादरला काका-काकूंकडे राहिला. १९८८ च्या फेब्रुवारीत त्याने आणि विनोद कांबळीने शारदाश्रमासाठी ६६४ धावांची भागी केली, हे तर मुलांना पाठच आहे. पण त्यामागची काका-काकूंची खोली कोणी लक्षात ठेवत नाही. शाळा बदलली तेव्हा मुलगा घरच्यांच्याच नजरेखाली राहिला, हे मला त्या ६६४ धावांइतकेच मोलाचे वाटते.

आपल्या समाजाच्या संस्थाही या चढाओढीत मागे नाहीत. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेतून वासिम जाफर पुढे आला. बसचालकाचा मुलगा, पंधराव्या वर्षी शाळेसाठी नाबाद ४०० धावा, आणि पुढे रणजी करंडकात बारा हजारांहून अधिक. पण त्याचाच पुतण्या अरमान जाफर याने २०१० मध्ये गाइल्स शील्डमध्ये ४९८ धावा केल्या, त्या वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून! काका एका शाळेचा, पुतण्या दुसऱ्या शाळेचा. याच रिझवीकडून २००९ मध्ये सरफराझ खानने हॅरिस शील्डमध्ये ४३९ धावा केल्या आणि २०१३ मध्ये विरारच्या पृथ्वी शॉने ५४६. यातली एक तारीख मात्र पालकांनी लिहून ठेवावी. ज्या सरफराझचे नाव २००९ साली सगळ्या वर्तमानपत्रांत आले, तो भारतासाठी पहिला कसोटी सामना खेळला २०२४ च्या फेब्रुवारीत. मध्ये चौदा वर्षे गेली. तीही सगळ्यांत भाग्यवान मुलांपैकी एकाची. आपल्या कोकणचेच गुलाम परकार घ्या. चिपळूणजवळच्या कालुस्त्याचे, मुंबईकडून मोठ्या धडाक्याने खेळलेले. १९८२ मध्ये लॉर्ड्सवर ते एक कसोटी खेळले, आणि ती एकच.

आता थोडे सातासमुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत धरून धावायचा. तिथे विद्यापीठांच्या संघांची शिकारी नजर हायस्कूलच्या मुलांवर सतत असते. शेजारशेजारच्या दोन विद्यापीठांत एकेका मुलावरून अशी रस्सीखेच चालते की मुलाच्या आईच्या हातचे जेवायला स्वतः प्रशिक्षक घरी येऊन बसतो. १९८७ मध्ये टेक्सासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या संघाला खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल वर्षभर खेळायलाच बंदी झाली. १९६४ पासून २०२४ पर्यंत तिथे मुलांकडून एका छापील पत्रावर सही घेत. मुलाने एक वर्ष त्याच विद्यापीठात राहायचे, विद्यापीठाने वर्षाची आर्थिक मदत द्यायची. हे पत्र मुलाला अधिक बांधत होते आणि विद्यापीठाला कमी, अशी त्याच्यावर टीकाही झाली. तरी ते पत्र होते. कोणाला काय मिळणार, हे कागदावर होते.

आपल्याकडे कागद कुठे आहे? ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. बारा वर्षांपूर्वी आपल्याच भागातला एक मुलगा होता. भात कापल्यावर शेतात जे मैदान निघते, त्यावर तयार झालेला. कबड्डीत त्याचा पाय असा चाले की पकड करणारा हात हवेतच राहायचा. एकाच आठवड्यात दोन कॉलेजांची माणसे त्याच्या दारी आली. बाप आखातात, घरी आई. तिने मला बोलावून विचारले. प्रो कबड्डी नुकतीच सुरू झाली होती आणि माझ्याच डोक्यात तिची हवा होती. मी म्हणालो, 'भाभी, असा चान्स पुन्हा येत नाही. पाठवा.' तो गेला. पहिले वर्ष मजेत गेले. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सरावात गुडघ्याचे लिगामेंट तुटले. महिन्याभरात राहायची जागा दुसऱ्या खेळाडूला लागली. ज्या सरांनी शब्द दिला होता ते तोवर दुसरीकडे गेले होते. नव्या सरांना काही माहीत नव्हते, आणि त्यांचे तरी काय चुकले? शस्त्रक्रियेचा खर्च मामूने कुवेतहून धाडला. वर्गात तो बसलेलाच नव्हता, त्यामुळे बारावीला दोन विषय गेले. आई मला एवढेच म्हणाली, 'सर, तुम्ही म्हणालात म्हणून पाठवला.' मुलगा पुढे महाडमधून परीक्षेला बसला, पास झाला, आज एमआयडीसीत नोकरीला आहे. मला भेटला की हसतो. मला मात्र अजून त्याच्या चालण्याकडे पाहवत नाही.

याच नात्यात १८९६ साली एक मुलगा जन्मला, चिंतामण द्वारकानाथ देशमुख. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याला मिळाली. तो पुढे केंब्रिजला गेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, देशाचा अर्थमंत्री झाला. बुद्धीला मिळालेल्या त्या शिष्यवृत्तीला नाव होते, नियम होते. मुलाच्या पायांना मिळणाऱ्या मदतीला तेवढाही मान का नसावा?

म्हणून पालकहो, कॉलेजचे सर आले तर त्यांना जरूर चहा द्या, पण दाखल्याला हात लावण्यापूर्वी प्राचार्यांच्या सहीचे पत्र मागा. त्यात फी आणि वसतिगृह येईलच. त्याहून महत्त्वाचे हे की, मुलगा जखमी झाला तर औषधपाणी कोणाचे आणि संघाबाहेर गेला तरी वर्ष संपेपर्यंत तो कुठे राहणार? स्पर्धेमुळे बुडालेले वर्ग कोण घेणार? पत्र द्यायला कां-कूं करणारे कॉलेज मुलाच्या गुडघ्याबद्दल काय करील, ते तुम्हीच ओळखा. जमल्यास त्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या खेळाडूला गाठा, तो खरे सांगेल. आणि प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र पेटीत जपून ठेवा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, पण त्यासाठी प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. भिंतीवरचे मेडल तिथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बारावीनंतर विद्यापीठाच्या संघात निवड व्हायला मुंबईच्याच कॉलेजात असावे लागते, असे नाही. रायगडातली महाविद्यालयेही मुंबई विद्यापीठालाच जोडलेली आहेत. महाडला १९६१ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे. तिथला मुलगा घरची भाकरी खाऊनही निवड चाचणीला उभा राहू शकतो. मुंबईत सराव चांगला, प्रतिस्पर्धी तगडे, हे मला मान्य आहे. ज्याला जायचे त्याने जावे. पण नाइलाज समजून जाऊ नये.

सध्या आपल्याच शाळेत दहावीत एक मुलगी आहे. आठशे मीटर धावते. तिलाही मागणी आली आहे. तिच्या अम्मीने या खेपेस मला विचारण्याआधीच कॉलेजला सांगितले की पत्र पाठवा. परवा ते आले. फी आहे, मुलींच्या वसतिगृहाची खोली आहे, बुडालेल्या वर्गांचेही लिहिले आहे. दुखापतीचे मात्र एक अक्षर नाही. आम्ही दोघांनी बसून त्याखाली एक ओळ लिहिली आणि पत्र सहीसाठी परत पाठवले आहे.