जात्याची घरघर आणि विजेची गुणगुण

श्रोतेहो, आपल्या घरी माळ्यावर एखादी जुनी कॅसेट धूळ खात पडली असेल, तर आजचे हे चार शब्द तिच्यासाठी आहेत असे समजा.

मी कॉलेजात शिकवतो. पण संध्याकाळी पेटी घेऊन बसण्याचा मला नाद आहे. त्याला जोडून आणखी एक खुळ आहे. कोणताही आवाज ऐकला की तो कोणत्या पट्टीत आहे, कशामुळे निघतो, हे शोधीत बसायचे. पंख्याची घूंघूं झाली तरी मी पेटीवर सूर चाचपडतो. घरची मंडळी हसतात. पण या खुळाने मला एकदा मोठा हात दिला.

अहमदपूर तालुक्यात माझी आत्या राहत असे. १९९१ साली तिच्याकडे लग्न निघाले. गावात गिरणी केव्हाच आली होती, रोजचे दळण थांबले होते. पण हळदीला जाते तर पुजलेच पाहिजे! आत्या जात्यावर बसली, खुंट्याला हात लागला आणि ओव्या आपोआप ओठांवर आल्या. वडिलांनी नांदेडहून नेलेला टेपरेकॉर्डर विजेवर लावून ठेवला होता. त्यात त्या भरल्या गेल्या.

पुढे मी काय केले, सांगायला लाज वाटते. कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते म्हणून तिच्याच एका बाजूवर मी सिनेमाची गाणी भरली. ती बाजू कायमची गेली. वडील एका शब्दाने बोलले नाहीत. काही वर्षांनी आत्याही गेली.

अलीकडे ती कॅसेट सापडली. फीत सैल पडली होती. पेन्सिलीने गुंडाळून घेतली आणि लावली. दुसऱ्या बाजूवर ओव्या होत्या! पण आवाज भलताच बारीक, एखाद्या पोरीसारखा. आत्याचा आवाज भरदार. मग हे कसे?

विचार करता कारण ध्यानात आले. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झाला की फीत हळू धावते. हळू भरलेली फीत नेमक्या गतीने वाजवली की आवाज चढतो. पण किती चढला, हे कोण सांगणार? आत्या तर नाही.

ते सांगितले विजेने. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. तिची बारीक गुणगुण त्या यंत्राने ओव्यांच्या मागे भरून ठेवली होती. सेलवर चालणाऱ्या यंत्रातून ती फीत मी संगणकात घेतली आणि मोजले. गुणगुण भरली ५३! म्हणजे पेटीवरची जवळजवळ एक पट्टी वर. त्या काळी विजेची आवर्तनेही थोडी खालीवर होत. म्हणून हिशोब करून गती उतरवली, तरी शेवटचा निवाडा कानांवर सोडला. आतेबहिणीला ऐकवले. ती एकदम म्हणाली, “आता माय बोलली!”

ज्या गुणगुणीला आपण खरखर म्हणून पुसून टाकतो, तिनेच माणसाचा खरा आवाज परत दिला.

हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हॅं यांनी १९८०च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या बायांच्या ओव्या जमवल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी कित्येकींचे आवाजही ध्वनिमुद्रित केले. गिरणी आली, जाते थांबले, आणि जात्याबरोबर चालणारे गाणेही थांबले; म्हणून हा खटाटोप. पण आपल्या घरच्या आजीची ओवी कोण जमवणार? ते आपणच करायचे.

गुरुजींना माझी विनंती आहे. आज मोबाइल घरोघरी आहे. मुलांना आजीजवळ बसवा. गाणे सुरू होण्याआधी तिचे नाव, गाव, तारीख बोलून घ्या. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या आपले नाव स्वतः उच्चारीत. परदेशात तबकड्या बनवणाऱ्यांना गाणारी कोण ते कळावे, हा त्यातला हेतू. ही युक्ती आजही जुनी झालेली नाही. दुसरे, जात्याची घरघर, कोंबड्याची बांग, पोराचे रडणे राहू द्या. आवाज स्वच्छ करायचाच तर नकलेवर करा; मूळ तसेच ठेवा. आणि एकाऐवजी दोन ठिकाणी ठेवा.

माझ्या हातून एक बाजू पुसली गेली ती गेलीच. तिच्यावर काय होते, हे आता सांगणारे कोणी नाही. आपल्या घरची बाजू अजून पुसली गेलेली नसेल, तर आज संध्याकाळी आजीजवळ जाऊन बसा, श्रोतेहो.