उन्हाळ्यात या, पाणी पाहायला

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



जेवणानंतरचं भाषण कोणाच्या वाट्याला यावं, हे संयोजक ठरवतात आणि त्यामागे त्यांचा जुना हिशेब असतो. पुरी, वांग्याची भाजी आणि वर मठ्ठा घेतलेल्या माणसांना जागं ठेवायचं काम माझ्याकडे आलं आहे. मास्तरकीत तीस वर्षं पाचव्या तासाला शिकवलं, त्यामुळे सवय आहे. विषय दिला आहे ‘आपल्या भागातली उन्हाळी सहल’. तो मलाच का दिला तेही सांगतो. तुम्ही नागपूर, पुणे, बंगळुरू, कोणी अमेरिका असे पांगलात. मी इथेच राहिलो. दरवर्षी मे महिन्यात तुमच्यापैकी कोणाचा ना कोणाचा फोन येतो, “अरे, पोरं येणार आहेत, नातवंडं आहेत, गोंदियात दाखवण्यासारखं काय आहे?” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता तुम्हीच म्हणता, “पण ऊन किती असतं रे! दिवाळीतच येऊ.”

आज मी सांगायला उभा आहे की दिवाळीत याच, पण मुलांना आपला जिल्हा दाखवायचा असेल तर उन्हाळ्यात आणा. पारा 45 च्या घरात असताना आणा. टोपी, दुपट्टा आणि कांदा बरोबर ठेवा.

कारण साधं आहे. पावसाळ्यात पाणी सगळीकडेच असतं, तेव्हा ते कोणाला दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये धानाच्या बांध्या भेगाळतात, नाले कोरडे पडतात, सागाची पानं गळून जंगल आरपार दिसायला लागतं. मग जिथे पाणी उरलं असेल तिथे सगळे येतात. चितळ येतं, गवा येतो, अस्वल येतं, ढिवराची डोंगी येते आणि आपल्यासारखे पाहुणेही येतात. आपल्या जिल्ह्यातली उन्हाळी सहल म्हणजे पाण्यापासून पाण्यापर्यंतचा प्रवास असतो. आणि हे पाणी बहुतेक ठिकाणी आपोआप साठलेलं नाही. कोणीतरी ते अडवून ठेवलं आहे.

नवेगावबांधपासून सुरुवात करू. आपली शाळेची सहल तिथेच जायची, छोट्या लाईनच्या गाडीने. गोंदिया-चांदाफोर्ट गाडी इतकी सावकाश चालायची की खिडकीतून पळस मोजता यायचा. तेव्हा आपला जिल्हा भंडारा होता. गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी, तोही ऐन उन्हाळ्यात. त्या सहलीत आपल्याला ‘निसर्गरम्य तलाव’ एवढंच सांगितलं गेलं आणि आपण वहीत तेच लिहिलं. तलाव कोणी बांधला, हे फार कमी जणांनी लिहिलं.

तो बांधला कोलू पाटील कोहळी यांनी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. तलावाच्या भोवती डोंगरांची रांग आहे, तिला लोक सात बहिणी म्हणतात. त्या डोंगरांच्या मधल्या खिंडी माती-दगडाच्या पाळीने बंद केल्या आणि सुमारे अकरा चौरस किलोमीटरचं पाणी उभं राहिलं. ना सिमेंट, ना यंत्र. लोकांनी त्या माणसाला पुढे देव केलं. कोलासूर देव म्हणून आजही त्याची पूजा होते. इंजिनिअर झालेल्या माझ्या मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या नशिबात हे आहे का, ते मला नंतर सांगा.

असे तलाव एक-दोन नाहीत. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. मालगुजारी 1951 च्या सुमारास गेली, तलाव सरकारकडे आले आणि कागदावर ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ झाले. बाहेरच्या लोकांना हे नाव ऐकून गंमत वाटते. आपल्याला वाटू नये, कारण आपल्या घरातला तांदूळ याच मामाकडून आला आहे.

नवेगावच्या जंगलाला 1975 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आपण शाळेत असतानाच. नागझिरा त्याआधीच, 1970 मध्ये अभयारण्य झालं होतं. 2013 च्या डिसेंबरात दोन्ही मिळून, आजूबाजूची अभयारण्यं धरून, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मराठी वाचकाला ही दोन्ही नावं आपल्या आधी पाठ होती, हे मला नेहमी खटकतं. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात येऊन राहिले आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वन खात्याच्या नोकरीत नवेगावला आले, इथल्या माणसांकडून पक्ष्यांची आणि झाडांची नावं शिकले आणि ती नावं त्यांनी मराठीला दिली. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. पुण्यातल्या वाचकाला ती नावं पुस्तकातून कळली. ज्यांच्या आजीला ती येत होती, त्या आपल्या मुलांना मात्र गुगलवर शोधावी लागतात.

आता नागझिरा. चोरखमारा किंवा मंगेझरीच्या फाटकातून आत जा. सकाळच्या फेरीला जा, पोरांना साडेचारला उठवा, रडली तरी उठवा. नोंदणी आधी करून ठेवा, सुट्टीत जागा मिळत नाही. 1 जुलै ते 30 सप्टेंबर आतला भाग बंद असतो, म्हणजे जूनअखेरपर्यंतचीच संधी. आणि वाघच दिसला पाहिजे, हा हट्ट घरी ठेवून या. 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी इथे आणून सोडल्या. त्यासुद्धा उन्हाळ्यातच आल्या, एवढंच तुम्हाला लक्षात आणून देतो. पण वाघ पाच मिनिटं दिसतो, पाणवठा तासभर दिसतो. गाडी पाणवठ्यापाशी थांबवायला सांगा आणि गप्प बसा. चितळ आधी येत नाही, आधी मोर येतो. मग वानर झाडावरून खाली उतरतं. ते निर्धास्त झालं की चितळ पाय पुढे टाकतं. कोण कोणाच्या भरवशावर पाणी पितं, ते पाहा. नागरिकशास्त्राचा असा तास मी तीस वर्षांत घेऊ शकलो नाही.

परतताना बोदलकसाचा तलाव पाहा, नाहीतर गोरेगावच्या बाजूने चुलबंदला या. संध्याकाळच्या वेळी दोन्हीकडे वारा असतो. पाळीवर बसा, डबा उघडा. रिकामी पाकिटं मात्र परत आणा. ती गिळलेल्या जनावराला वन खात्याची फाटकं वाचवू शकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला इटियाडोह. गाढवी नदीवरचं हे धरण अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. जवळच प्रतापगडचा डोंगर. तिथे महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते आणि त्याच परिसरात दर्गाही आहे. दोन्हीकडे जाणारी माणसं पुष्कळदा तीच असतात. तिथून गोठणगावच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे, 1972 पासूनची. बर्फाच्या प्रदेशातून आलेली माणसं आपल्या या भट्टीत राहिली, शेती केली आणि हिवाळ्यात देशभर स्वेटर विकायला गेली. तुमच्या मुलांनी “इथे फार उकडतं” असं म्हटलं, की त्यांना तिबेटी मठापाशी न्या. पुढे काही बोलावं लागणार नाही.

तिसऱ्या दिवशी सालेकसा. दरेकसाजवळ मुंबई-हावडा रेल्वेमार्ग बोगद्यातून जातो आणि तिथून जवळच हाजरा फॉल आहे. खरं सांगायचं तर मेमध्ये तो धबधबा धबधबत नाही, धार बारीक झालेली असते. पण पावसाळ्यात गर्दीमुळे जो कातळ दिसत नाही, तो तेव्हा दिसतो. पुढे कचारगड. माघ पौर्णिमेला तिथे गोंडी भाविकांची मोठी यात्रा असते, अनेक राज्यांतून लोक येतात. पारी कोपार लिंगोशी त्यांची श्रद्धा जोडलेली आहे. उन्हाळ्यात त्या गुहेत शिरलात की अंगावर गार हवा येते. पण ते देवस्थान आहे, हे मुलांना आधी सांगा. तिथे ओरडून प्रतिध्वनी ऐकायचा खेळ करू नका.

आणि गोंदियात मुक्काम असेल तर एक संध्याकाळ सारसासाठी ठेवा. महाराष्ट्रातला सारस आता मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे, आणि तोही पन्नाशीच्या आत. परसवाडा, झिलमिलीच्या तलावांवर दिसला तर दिसला. हा माणसाएवढा उंच पक्षी धानाच्या बांधीत घरटं करतो आणि शेतकऱ्याच्या शेजारी अंडी उबवतो. तलाव आटला किंवा बांधीत विषारी फवारणी झाली, तर त्याला जायला दुसरी जागा नाही. सरकारी आदेशांनी तो वाचेल तेवढा वाचेल. बाकीचा तो शेतकऱ्याने घरट्याभोवती सोडलेल्या चार हात धानावर जगतो.

मित्रांनो, आता थोडं कडू बोलतो. मठ्ठा उतरला असेल.

आपण ज्याला सुट्टी म्हणतो, तो जंगलाकाठच्या माणसाचा कमाईचा हंगाम आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल वेचायचं. मेमध्ये तेंदूपत्ता तोडायचा, सत्तर पानांचं एक पुडकं बांधायचं आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचं. आपल्या वर्गातही अशी मुलं होती. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्यांची बोटं काळी असायची आणि नव्या वह्या त्याच पैशांतून आलेल्या असायच्या. आपण त्यांना सुट्टीत कुठे गेला होतात असं विचारायचो, आणि ते हसून “जंगलात” म्हणायचे.

व्याघ्र प्रकल्पासाठी कवलेवाडा, कालीमाती, झंकारगोंदी ही गावं उठली आणि श्रीरामपूरला वसवली गेली. जंगल राखायचं तर काही ठिकाणी माणसाला मागे सरकावं लागतं, हे मी मानतो. पण सरकणारा माणूस आणि फाटकातून जिप्सीने आत जाणारा माणूस हे वेगळे असतात, हे सहलीत मुलांच्या कानावर घालायला हवं. सफारीला गेलात की गाइडला फक्त “वाघ कुठे आहे?” असं विचारू नका. “तुझं गाव कोणतं?” हेही विचारा. तो सांगेल ते वाघाइतकंच ऐकण्यासारखं असतं.

तलावांचंही तसंच. पाळ फुटली तर दुरुस्त कोणी करायची, यावर पत्रव्यवहार चालतो, तोवर पावसाळा निघून जातो. गाळ साचला, काठावर बेशरम माजली, कडेने अतिक्रमण झालं. पण याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातल्या बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या, बेशरम मुळासकट उपटली आणि माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्या. देशी मासे परत आले. पक्षीही आले. ज्यांच्याकडे ना पदवी, ना निधी, त्यांनी हे केलं. आपल्याकडे दोन्ही आहे.

म्हणून माझा प्रस्ताव ऐका. आपण शाळेला पंखे दिले, संगणक दिले, स्टेजला फरशी दिली. चांगलंच केलं. आता दरवर्षी एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्या की, शाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी एक बस द्या. एकच बस. सकाळी नवेगावबांध, दुपारी तलावाच्या पाळीवर जेवण, संध्याकाळी परत. ज्या वर्षी जास्त जमेल त्या वर्षी नागझिरा. शाळेपासून एवढ्या अंतरावर असलेलं ते जंगल आतून पाहिलेलं नाही, अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्या घरून सफारीचे पैसे निघत नाहीत. बस आणि प्रवेशाचा खर्च दहा जणांनी वाटून घेतला, तर कोणाला जड जाणार नाही.

दुसरी अट पैशांची नाही. प्रत्येक बसमध्ये आपल्यापैकी दोघांनी बसायचं. उन्हात. आपापली नातवंडं घेऊन. पुण्याची नात आणि इथल्या आठवीतली पोरगी एका बाकावर बसू द्या. एक म्हणेल “हा कोणता पक्षी?”, दुसरी सांगेल. कोण कोणाला शिकवतं, ते आपण मागच्या सीटवरून ऐकू.

पहिल्या बसची यादी बाहेर, चहाच्या टेबलावर ठेवली आहे. वर माझं नाव लिहिलेलं आहे. खाली जागा भरपूर आहे. चहा घ्यायला जाल तेव्हा पेन सोबत न्या.