शिडाचा दोर धरणारे हात

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



लातूर-नांदेडच्या सभेत समुद्रावरील शर्यतींविषयी बोलणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. लातूर शहरास २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. नांदेडकरांना गोदामाईचा सहवास आहे खरा; परंतु तिच्याशी आपला संबंध बहुधा घाटावरील स्नानापुरताच. अशा मुलखातला मनुष्य शिडाच्या नौकेवर काय करतो, असा प्रश्न आपल्या मनात आल्यास नवल नाही. चिटणीसांनी तोच विषय मजकडे सोपविला, म्हणून चार अनुभव सांगतो.

नोकरीनिमित्त मी मुंबईस गेलो आणि सुटीच्या दिवशी हौशी खलाशी म्हणून नौकेवर जाऊ लागलो. नौका माझ्या मालकीची नव्हती, आजही नाही. त्यासाठी श्रीमंत असावे लागते, हा समज अर्धाच खरा आहे. मालक एक असला तरी नौका चालविण्यास तीन-चार जोड्या हात लागतात. वेळेवर येणारा आणि सांगितलेले ऐकणारा मनुष्य सर्वांनाच हवा असतो. मुंबई बंदरात या खेळाची परंपरा जुनी आहे. तेथील रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली स्थापन झाला. पावसाळ्यात शर्यती बंद असतात. पाऊस सरला की बंदरात पुन्हा शिडे दिसू लागतात.

नौकेवर प्रत्येकाचे काम ठरलेले असते. एकाच्या हाती सुकाणू, दुसऱ्याकडे मोठे शीड, तिसऱ्याकडे पुढचे शीड. माझ्याकडे पुढच्या शिडाचा दोर असे. वाऱ्याच्या थेट समोर कोणतीही शिडाची नौका जाऊ शकत नाही. वारा कधी उजव्या अंगाने, कधी डाव्या अंगाने घेत नागमोडी वाटेने पुढे सरकावे लागते. प्रत्येक वळणावर एका बाजूचा दोर सोडायचा, दुसऱ्या बाजूचा ओढायचा, शिडाच्या आडव्या काठीखालून वाकून पलीकडे जायचे आणि उंचावलेल्या कडेवर बसून आपल्या देहाच्या भाराने नौका सावरायची. एकाने क्षणभर उशीर केला तरी नौकेचा वेग मोडतो, आणि तो पुन्हा मिळवायला बराच अवधी लागतो. ओहोटीचा ओढ उलटा असेल तर शीड भरलेले असूनही नौका जागची हलत नाही. आपल्या श्रमांचा गर्व उतरविण्यास एवढे पुरेसे आहे.

परंतु मला विशेष वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. या खेळात प्रत्येक नौकेमागे पंच फिरत नाही. वारा उजव्या अंगाने घेणाऱ्या नौकेस डाव्या अंगाने घेणारीने वाट द्यावी, असा नियम आहे. तो मोडला तर मोडणाऱ्याने आपण होऊन नौकेचे दोन पूर्ण फेरे घ्यावेत. वळणाच्या तरंगत्या खुणेस नौका घासली तर एक फेरा घ्यावा. एका शर्यतीत आमच्या पुढची नौका अशा खुणेला किंचित घासली. आमच्याखेरीज ते कोणी पाहिले नसावे. आम्ही हाक देण्यापूर्वीच त्या नौकेने बाजूस होऊन फेरा घेतला. तेवढ्यात आम्ही पुढे गेलो आणि अखेरपर्यंत पुढेच राहिलो. किनाऱ्यावर आल्यावर आमच्या सुकाणूधराने प्रथम त्यांच्याकडे जाऊन हात मिळविला. त्या दिवशीचा खरा मान त्यांचाच होता.

दुसरा नियम याहून मोठा आहे : संकटात सापडलेल्यास शक्य ते साहाय्य करणे प्रत्येक नौकेवर बंधनकारक आहे. २०१८ साली ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात जायबंदी झाले. आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन यांच्या स्वतःच्या नौकेची डोलकाठी मोडली होती. तरीही ते टॉमींच्या दिशेने निघाले. अखेर ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने दोघांनाही घेतले. पुढे २०२२ मध्ये निघालेल्या याच शर्यतीत टॉमींनी दुसरा क्रमांक मिळविला.

नाव एकाचे होते, परंतु त्यामागे अनेक हात असतात. कमांडर दिलीप दोंदे हे २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची ‘म्हादेई’ ही नौका गोव्यातील कारागिरांनी बांधली होती. नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोन महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून २०२४-२५ मध्ये जगप्रदक्षिणा पुरी केली. समुद्र कोणा एका प्रांताचा वा केवळ पुरुषांचा नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

आता एक विनंती. ‘पाण्याकडे जाऊ नकोस’ हे शब्द आपल्या घरोघरी मुलांच्या, आणि त्याहून अधिक मुलींच्या, कानी पडतात. त्यामागील माया मी जाणतो. परंतु पाण्यापासून दूर ठेवलेले मूल सुरक्षित राहतेच असे नाही. पहिल्या पुरात, पहिल्या सहलीत ते असहाय ठरते. पोहणे येईल तर जीव वाचेल, दुसऱ्याचाही वाचविता येईल. नौदल आणि व्यापारी जहाजे यांतील नोकऱ्यांचा विचार तरी मनात येईल. आपली संस्था शिष्यवृत्त्या देते, वधूवर मेळावे भरविते; त्याच जोडीने दर उन्हाळ्यात मुलामुलींसाठी जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीखाली पोहण्याचा वर्ग चालवावा, असे मी सुचवितो. पाण्याची टंचाई आपल्या वाट्याला आली. पाण्याचे भय मात्र आपण मुलांच्या वाट्याला ठेवू नये.