ताटीबाहेर कोणीतरी बसायला हवं

मायबापहो, अभंग म्हणून झाला, नामाचा गजर झाला. आता थोडं शांत बसू. आजचं निरूपण जड आहे.

मागं एकदा कीर्तन संपल्यावर एक आई नमस्काराला आली. धाकटी मुलगी गेलेली, घरात सहा वर्षांचा थोरला. तिनं एवढंच विचारलं, "बुवा, त्याला मी काय सांगू?" दोन-दोन तास बोलणारा मी, पण तेव्हा मला शब्द सुचेना. त्याचं कारण आज सांगतो.

मीही सहा वर्षांचाच होतो. सदाशिव पेठेतला वाडा. माझ्या पाठचा भाऊ तापानं तीन दिवसांत गेला. मला शेजारच्या बिऱ्हाडात नेऊन बसवलं, हातात लाडू दिला. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "बाळ देवाघरी गेला." मी म्हणालो, "परत कधी येणार?" कोणी उत्तर दिलं नाही. मग मी रोज वाड्याच्या दारात बसून वाट बघायचो.

आणि एक गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. तो आजारी पडला त्याच्या आदल्या दिवशी भोवऱ्यावरून आमचं भांडण झालं होतं, आणि मी त्याला "मर जा" म्हणालो होतो. माझ्या शब्दानंच तो गेला, असं मी धरून बसलो. पंचेचाळिसाव्या वर्षी हे आईला सांगितलं. ती रडली. म्हणाली, "अरे, तेव्हाच का नाही बोललास?" म्हटलं, "आई, तेव्हा कोणी विचारलंच नाही."

आता आळंदीला चला. ज्ञानदेवांना लोकांचं बोलणं लागलं आणि ते ताटी लावून आत बसले. तेव्हा बाहेर कोण बसलं? भावंडांत सगळ्यांत धाकटी मुक्ताई. तिनं दार मोडलं नाही, निघूनही गेली नाही. बाहेर बसून बोलत राहिली. ते ताटीचे अभंग. मायबापहो, भावंड गेलेलं पोर असंच ताटी लावून बसतं. ते खेळतं, हसतं, खातं, म्हणून आपल्याला वाटतं की लहान आहे, विसरलं. विसरलेलं नसतं हो! मुलाचं दुःख पावसाच्या सरीसारखं असतं. एक सर येते, मग ऊन पडतं, पुन्हा सर येते.

पुढं शके 1218, म्हणजे इसवी सन 1296. कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. नामदेवराय तो सोहळा सांगतात. त्यात दोन गोष्टी बघा. पहिली, निवृत्तिनाथ. थोरला भाऊ आणि ज्ञानदेवांचा गुरू, अद्वैताचा उपदेश करणारा. त्यांचाही शोक नामदेवांनी लपवला नाही. मग आपण पोरांपुढं डोळे का लपवावेत? "मलाही रडू येतं रे, मलाही तिची आठवण येते," एवढं म्हटलं की पोराला कळतं, या घरात रडायला मुभा आहे. दुसरी गोष्ट, समाधीची जागा झाडायला कोण गेलं? नामदेवांची मुलं. नारा, विठा, गोंदा, महादा. मुलांना दूर धाडलं नाही, हाताला काम दिलं. तुमचं लेकरू तयार असेल तर त्याला फूल वाहू द्या, तसबिरीपुढं दिवा लावू द्या. नको म्हणालं तर जबरदस्ती नको.

आता बोलायचं कसं? "झोपली" म्हणू नका, पोर रात्री झोपायला भितं. "गावाला गेली" म्हणू नका, ते वाट बघतं. "देवाला आवडली म्हणून नेली" असं तर मीही कीर्तनकार असून सांगणार नाही. त्या पोराला देवाचीच धास्ती बसते, आता माझी पाळी की काय! सरळ सांगा : तिचं शरीर फार आजारी झालं, ते बंद पडलं, ती परत येणार नाही, आणि तुझ्या बोलण्यानं किंवा वागण्यानं काही झालेलं नाही. हे शेवटचं वाक्य त्यानं न विचारताही सांगा. ते मला कोणी सांगितलं नाही.

पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला मरण कायमचं असतं हे उमगत नाही. ते तोच प्रश्न दहा वेळा विचारील. दहाही वेळा तेच उत्तर द्या, न चिडता. मोठं असूनही अंथरूण ओलं करील, पदर सोडणार नाही. रागावू नका. जेवणाची, शाळेची, झोपेची वेळ नेहमीचीच ठेवा. बाईंच्या कानावर घाला. गेलेल्याशी तुलना करू नका. आणि खाणं-झोप बरेच दिवस बिघडली, किंवा "मलाही तिच्याकडं जायचंय" असं म्हणू लागलं, तर अंगारे-धुपारे करत बसू नका, डॉक्टरांकडं न्या. त्यात कमीपणा नाही.

तसबीर मात्र उतरवू नका, नाव घेणं थांबवू नका. ज्ञानदेवांनंतर महिन्यानं सोपानकाकांनी सासवडला समाधी घेतली. पुढं काही महिन्यांत मुक्ताई गेल्या, निवृत्तिनाथही गेले. सातशे वर्षं झाली. तरी दर आषाढीला पंढरपूर जवळ आलं की माउलींची आणि सोपानकाकांची पालखी भेटते. वारकरी त्याला बंधुभेट म्हणतात. तो क्षण बघताना डोळे भरून येतात, कारण भावंडपण समाधीपाशी संपत नाही.

त्या आईला तेव्हा मी एवढंच म्हणालो, "ताई, घरी जा, त्याला जवळ घ्या, आणि तो काय म्हणतो ते ऐका." आज तुम्हालाही तेच सांगतो. ज्या घरी असं झालं असेल तिथं उपदेश घेऊन जाऊ नका. मोठ्यांचं सांत्वन करून झालं की कोपऱ्यात बसलेल्या त्या लहानग्यापाशी जाऊन बसा. ताटी तो उघडेल तेव्हा उघडेल. तोवर बाहेर कोणीतरी असायला हवं.

विठ्ठल, विठ्ठल.