पकड आणि पंच

कुर्डुवाडी जंक्शनवर एके काळीं दोन मापांचे रूळ शेजारीं शेजारीं असत. एका बाजूस मुंबईहून मद्रासकडे जाणारी मोठी गाडी, तर दुसऱ्या बाजूस १८९७ सालीं सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी. दोन्ही रूळ आपापल्या जागीं निर्दोष. परंतु एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालत नसे, म्हणून उतारूंना तेथें गाडी बदलावी लागे. खेळाच्या नियमांचेंही तसेंच आहे. नियम कडक कीं सैल, हा प्रश्न दुय्यम. सर्वांस माप एकच आहे कीं नाहीं, हा मुख्य. याच परिसरांत गांवोगांवीं खेळल्या जाणाऱ्या कबड्डींत त्याचा प्रत्यय येतो.

कबड्डींतील पकड हें बळाचें काम खरें, पण तें मर्यादेंतील बळ आहे. चढाई करणाऱ्याचे हातपाय किंवा धड धरावें, एवढीच मुभा. तोंड दाबून दम कोंडणें, गळा आवळणें, कपडे वा केस ओढणें, पायांची कैची घालणें, हें सारें निषिद्ध. तोंड दाबून, गळा आवळून वा कैची घालून चढाईवाला अडकविला, तरी तो बाद होत नाहीं.

कित्येक जाणकार म्हणतात कीं, प्रत्येक झटापटींत शिट्टी वाजूं लागली तर पकडींतला जोरच नाहींसा होईल. या म्हणण्यांत तथ्य आहे. चार गडी एकावर कोसळले असतां हात खांद्यावर होता कीं गळ्यावर, दम आधीं तुटला कीं हात मध्यरेषेस आधीं लागला, हें पंचास क्षणांत ठरवावें लागतें. दोन पंच आणि त्यांच्यावर सरपंच, ही योजना त्यासाठींच. एखादे वेळीं नजर चुकली, तर खेळाडू ती चूक पोटांत घालतो. परंतु पूर्वार्धांत चाललेली पकड उत्तरार्धांत गैर ठरली, कीं त्याचा विश्वास उडतो. कडक पंचाशीं तो जुळवून घेतो, सैल पंचाशींही घेतो. बदलत्या पंचापुढें मात्र तो हतबल होतो.

हुतूतू गांवोगांवच्या रीतींनीं खेळला जाई, तेव्हां हे तंटे नित्याचेच होते. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें १९२३ सालीं नियम छापून प्रसिद्ध केले, त्यामागें हीच गरज होती. तरीही प्रश्न पुरता मिटला नाहीं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं चीनमधील हांगचौ येथें आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत भारत व इराण यांचे गुण २८-२८ असे बरोबरीचे होते. अखेरच्या क्षणीं भारताचा चढाईवाला कोणास स्पर्श न करतां बाजूच्या राखीव क्षेत्रांत शिरला. त्याच्यामागें इराणचे गडीही गेले. हा पट्टा स्पर्श झाल्यावरच मैदानाचा भाग बनतो. एका नियमानें केवळ चढाईवाला बाद, तर दुसऱ्यानें मागून गेलेलेही बाद! निर्णय फिरत राहिले, दोन्ही संघांनीं हरकती घेतल्या आणि खेळ सुमारें तासभर खोळंबला. भारत ३३-२९ असा जिंकला. पण चर्चा पराक्रमापेक्षां नियमाचीच अधिक झाली.

यावर उपाय महागडा नाहीं. कोणता नियम लागू, हें सामन्यापूर्वीं दोन्ही कर्णधारांस सांगावें. पंचांनीं आपसांत पकडीची मर्यादा एक करून घ्यावी. आणि पहिल्या चढाईस जें माप लावलें, तेंच शेवटच्या चढाईस लावावें. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं कुर्डुवाडीचे छोटे रूळ रुंद झाले आणि गाडी बदलण्याचा खटाटोप संपला. मैदानावरील रूळही तसेच एका मापाचे झाले, तर हरलेला संघही समाधानानें घरीं जाईल.